कमिन्स, पॉवर स्ट्रोक की ड्युरामॅक्स: इंजिनाचं नाव नंतर, आधी साल विचारा

अमेरिकेत डिझेल पिकअपचा विषय निघाला की भांडण ठरलेलं. कमिन्सचं इंजिन येतं डॉजच्या, म्हणजे आताच्या रॅमच्या पिकअपमध्ये, पॉवर स्ट्रोक फोर्डच्या आणि ड्युरामॅक्स जीएमच्या, म्हणजे जनरल मोटर्सच्या. कमिन्सवाले म्हणणार आमचं इंजिन मरतच नाही, त्यावर फोर्डवाले म्हणणार हो ना, इंजिन राहतं आणि त्याच्याभोवतीची गाडी गंजून गळून पडते, आणि जीएमवाले मध्येच ॲलिसन गिअरबॉक्सचं नाव काढून कॉलर टाईट करणार. तीस-पस्तीस वर्षं हा वाद चाललाय आणि गंमत म्हणजे तिघंही थोडंफार खरंच बोलतात, फक्त प्रत्येकाच्या डोक्यात वेगवेगळ्या सालची गाडी असते. तिकडे स्थायिक झालेले आपले लोकही आता कॅम्पर ओढायला नाहीतर घोड्यांचा ट्रेलर ओढायला अशी जुनी पिकअप बघायला लागलेत आणि पहिला प्रश्न हाच येतो, की तिघांत टिकाऊ कोण? म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

आधी एक गोष्ट. पिकअप म्हटल्यावर आपल्याकडची भाजी आणि दुधाचे कॅन वाहणारी गाडी डोळ्यासमोर आणू नका. हा प्रकार रिकामा उभा असतानाच तीन-साडेतीन टनाचा असतो, मागे पाच-सात टनाचा ट्रेलर सहज लावतात, आणि बॉनेटखाली सहा-साडेसहा लिटरचं डिझेल. म्हणजे आपल्याकडे दहा-बारा चाकी ट्रकला जे बसतं ते. ही अतिशयोक्ती नाही हां. १९८९ च्या मॉडेलपासून डॉज रॅममध्ये कमिन्सचं जे ५.९ लिटरचं सहा सिलेंडरचं इंजिन आलं त्याचंच भावंड टाटा कमिन्सने जमशेदपूरला बनवायला घेतलं आणि ते टाटाच्या २५१५ सारख्या ट्रकमध्ये वर्षानुवर्षं पळालं. पुढे टाटा कमिन्सचा कारखाना आपल्या फलटणलाही आला. कमिन्स हे नाव पुण्याला तर १९६२ पासून माहिती आहे, किर्लोस्कर कमिन्स कोथरूडला आली तेव्हापासून, आणि पोरींना माहिती आहे ते कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजमुळे. तर हा विषय वाटतो तेवढा परका नाही.

आता या टाटाच्या ट्रकवरूनच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट समजते, म्हणून तिथूनच सुरू करतो.

टाटाच्या नंबरात शेवटचे दोन आकडे म्हणजे साधारण हॉर्सपॉवर भागिले दहा, आणि आधीचे दोन म्हणजे टन. २५१५ म्हणजे पंचवीस टनाला दीडशे हॉर्सपॉवर. १९८९ च्या डॉज पिकअपला त्याच कुळातलं इंजिन किती ताकदीचं होतं? १६० हॉर्सपॉवर आणि ४०० पाउंड-फूट टॉर्क, म्हणजे साधारण ५४० न्यूटन मीटर. बघा, जवळपास तेवढंच. पंचवीस टन ओढायला बनवलेलं इंजिन तीन टनाच्या गाडीत घातलं आणि तेवढ्याच आरामात चालवलं, मग ते मरणार कधी? जुन्या कमिन्सचं जे नाव झालं त्याचं निम्मं गुपित इथेच आहे. ते मुळात गाडीसाठी बनवलेलंच नव्हतं, शेतीची यंत्रं, बांधकामाची यंत्रं, मध्यम ट्रक यांच्यासाठी केस कंपनीबरोबर मिळून काढलेली मालिका होती ती.

आता आजचं बघा. त्याच मालिकेतलं ६.७ लिटरचं इंजिन टाटाच्या ४८२५ मध्ये अठ्ठेचाळीस टनाला अडीचशे हॉर्सपॉवर देतं, आणि २०२५ च्या रॅम पिकअपमध्ये तेच ६.७ लिटर ४३० हॉर्सपॉवर आणि १०७५ पाउंड-फूट, म्हणजे साडेचौदाशे न्यूटन मीटरच्या आसपास. का बरं? कारण टिप्पर दिवसभर भरलेला असतो, पिकअप नसते. पिकअपवाला चढावर ट्रेलर घेऊन पाच मिनिटं पूर्ण दाबतो आणि मग उरलेला दिवस रिकामाच फिरतो. खुद्द रॅमच जेव्हा हेच इंजिन त्यांच्या चेसिस कॅबमध्ये देते, म्हणजे मागे टोइंगचं नाहीतर डंपरचं बॉडीकाम करून घेतात त्या गाडीत, तेव्हा ३६० हॉर्सपॉवर आणि ८०० पाउंड-फूटवर आणून ठेवते. फोर्डही तसंच करतो. कंपनीलाच माहिती आहे की पूर्ण जोर सतत काढला तर आयुष्य कमी होणार, म्हणून जिथे दिवसभर काम आहे तिथे लगाम ओढलेला असतो. त्यामुळे कुणी म्हणालं की माझं इंजिन तुझ्यापेक्षा शंभर हॉर्सपॉवरने जास्त आहे म्हणून ते मजबूत, तर त्याला म्हणा की बाबा उलटं आहे.

ताकद आणि टॉर्क यातला फरक बहुतेकांना माहिती असतो त्यामुळे थोडक्यात: टॉर्क म्हणजे क्रँक किती जोराने फिरते, हॉर्सपॉवर म्हणजे तो जोर किती वेगाने लावता येतो. ट्रेलर जागेवरून हलवायला टॉर्क लागतो, तोच ट्रेलर घाटात साठच्या वेगाने चढवायला हॉर्सपॉवर. डिझेलचा जोर सोळाशे-अठराशे आरपीएमलाच पूर्ण मिळतो, त्यामुळे इंजिन किंचाळत नाही, किलोमीटरमागे फेरे कमी होतात, झीज कमी होते.

आता सरळ सहा सिलेंडर विरुद्ध व्ही-आठ. कमिन्स सरळ सहा, फोर्ड आणि जीएमचं ड्युरामॅक्स दोन्ही व्ही-आठ. सरळ सहामध्ये क्रँकला सात मेन बेअरिंग मिळतात, म्हणजे सहा पिस्टनना सात आधार, आणि प्रत्येक कनेक्टिंग रॉडला क्रँकवर स्वतःची जागा. व्ही-आठमध्ये आठ पिस्टनना पाच मेन बेअरिंग आणि दोन-दोन रॉड एकाच पिनवर, त्यामुळे बेअरिंग अरुंद. शिवाय सरळ सहामध्ये हेड एकच, हेड गॅस्केट एकच, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड एकच, आणि फिटरला सगळं दिसतं, हात पोचतो. स्ट्रोकही, म्हणजे पिस्टनची वरखाली धावही लांब असते, कमिन्स ६.७ चा बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, १०७ मिलिमीटर आणि स्ट्रोक १२४, तर ड्युरामॅक्सचा बोअर १०३ आणि स्ट्रोक ९९. लांब स्ट्रोकमुळे कमी आरपीएमला ओढ चांगली. तोटाही आहे ना, इंजिन लांब आणि वजनाला जवळजवळ अर्धा टन, ते सगळं पुढच्या ॲक्सलवर, त्यामुळे जुन्या डॉजमध्ये बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगची कामं सतत निघतात. व्ही-आठ आखूड, चालवायला मऊ, आवाज कमी, आणि रिकामी गाडी पळवायला जास्त मजा.

पण म्हणून व्ही-आठ कमी टिकतं असं थेट म्हणता येत नाही, आणि इथेच बहुतेक लोकांचा हिशोब चुकतो. या तीनही इंजिनांचा ब्लॉक, क्रँक, पिस्टन ही खालची बाजू बहुतेक वेळा शाबूत असते. गाडी उभी राहते ती वरच्या, बाहेरून बोल्टने लावलेल्या सामानामुळे, म्हणजे डिझेल पंप, नोझल, ईजीआर कूलर (थोडा धूर गार करून परत इंजिनात सोडतात, तो गार करणारा), टर्बो, धुराचा फिल्टर. आणि हे सामान दर चार-पाच वर्षांनी बदलत गेलं. म्हणून साल विचारायचं.

कमिन्सपासून घेऊ. १९८९ ते १९९८ चं बारा व्हॉल्व्हचं ५.९, हे दंतकथेतलं. ते आलं तेव्हा फोर्ड आणि जीएमची पिकअप डिझेलं बिनटर्बोची आणि जुन्या पद्धतीने प्री-चेंबरमध्ये डिझेल मारणारी होती, हे मात्र टर्बो आणि थेट पिस्टनवर फवारा. डिझेलचं नाव अमेरिकेत तेव्हा खराबच होतं, कारण १९७८ ते ८५ मध्ये जीएमने ओल्ड्समोबिलच्या गाड्यांत ५.७ लिटरचं डिझेल दिलं होतं ज्याचे हेड बोल्ट दाब सोसायचे नाहीत आणि डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा सेपरेटरसुद्धा दिला नव्हता. अशा वेळी हे कमिन्स आलं. १९९४ पासून याला बॉशचा पी७१०० पंप आला, ज्याला तिकडे नुसतं पी-पंप म्हणतात. लाइनीत सहा प्लंजर, पूर्ण यांत्रिक, कॉम्प्युटर नाही. थोडी कारागिरी केली की ताकद दुप्पट होते म्हणून शर्यतीवाले आजही हाच शोधतात. याची एक खोड मात्र भयानक आहे. पुढच्या गिअर केसमध्ये एक स्टीलची छोटी डॉवेल पिन असते, ती कंपनाने हळूहळू बाहेर सरकते आणि टायमिंग गिअरमध्ये पडते, की केस फुटलीच समजा. तिकडे तिला किलर डॉवेल पिनच म्हणतात. उपाय म्हणजे तिच्या तोंडावर पत्र्याची एक बारकी पट्टी बोल्टने आवळणे, बस. काही डॉलरची पट्टी, तिच्यावर आख्खं इंजिन अवलंबून.

१९९८ च्या मध्यापासून चोवीस व्हॉल्व्ह आले आणि सोबत व्हीपी४४ नावाचा इलेक्ट्रॉनिक पंप. हा पंप डिझेलनेच थंड राहतो आणि डिझेलनेच त्याचं वंगण होतं, आणि त्याला डिझेल पोचवणारा लिफ्ट पंप कंपनीने दिला होता तकलादू. तो आधी मरायचा, मालकाला पत्ताच नाही, गाडी चालूच, आणि कोरड्यावर फिरून व्हीपी४४ ही जायचा. म्हणून त्या सालच्या गाडीत डॅशबोर्डवर डिझेल प्रेशरचं मीटर बसवलेलं दिसलं तर समजायचं की मालक जाणता आहे. याच काळातल्या काही ब्लॉकवर बाजूला ५३ आकडा ओतलेला असतो, त्यांची पाण्याच्या जॅकेटची भिंत पातळ आहे, तडा जातो. बघायला गेलात तर वाकून तो आकडा बघाच.

२००३ ते २००७ चं कॉमन रेलचं, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच जाड नळीतून दाबाचं डिझेल देणारं ५.९ माझ्या मते कमिन्सचं सगळ्यात समजूतदार इंजिन. बॉशचा सीपी३ पंप, आवाज कमी, ताकद पुरेशी, धुराचा फिल्टर नाही. नोझल जातात आणि महाग आहेत, तेवढं सोडलं तर डोकेदुखी नाही. मग २००७ च्या मध्यात ६.७ आलं. सुरुवातीच्या सालांत युरिया, म्हणजे धूर स्वच्छ करायला एक्झॉस्टमध्ये फवारतात ते द्रावण, नव्हता, धूर आवरायचा सगळा भार ईजीआरवर आणि फिल्टरवर, त्यामुळे काजळी साचून टर्बोच्या पाती अडकायच्या. २०१३ पासून युरिया आला आणि उलट इंजिन जास्त निरोगी राहायला लागलं. या ६.७ चीही एक पिनसारखीच गोष्ट आहे: थंडीत हवा तापवायला इनटेकमध्ये ग्रिड हीटर असतो, त्याच्या विजेच्या जोडणीचा बोल्ट तापून झिजतो, तुटतो आणि सरळ सिलेंडरमध्ये जातो. २०२५ ला कंपनीने तो हीटरच काढून ग्लो प्लग दिले.

फोर्डची कथा जास्त नाट्यमय आहे. १९९४ ते २००३ चं ७.३ पॉवर स्ट्रोक हे मुळात नॅव्हिस्टारने बनवलेलं, ट्रक आणि शाळेच्या बसमध्ये चालणारं इंजिन. आजच्या मानाने ताकद फारच कमी, सुरुवातीला २१० हॉर्सपॉवर, पण ओतीव लोखंडाचा धोंडा. याचे नोझल इंजिन ऑइलच्या दाबावर चालतात, म्हणजे ऑइल वेगळ्या पंपाने प्रचंड दाबाला नेऊन त्याने डिझेल ढकलायचं, त्यामुळे ऑइल वेळेवर बदललं नाही की नोझल रुसणार. कॅम पोझिशन सेन्सर अचानक जातो आणि गाडी रस्त्यात बंद पडते, म्हणून जुने मालक एक सेन्सर आणि एक पाना कायम डॅशबोर्डच्या खणात ठेवतात. बाकी चालतच राहतं.

आणि मग २००३ चं ६.० आलं. धुराचे नियम कडक होणार होते म्हणून इंजिन लहान केलं, ताकद मात्र वाढवली, त्यात ईजीआर आणला. याचं बिघडणं समजून घेण्यासारखं आहे, कारण एकही भाग एकटा मेला नाही, एकाने दुसऱ्याला मारलं. ऑइल कूलर दोन हेडच्या मधल्या दरीत बसवलेला, त्याच्या आतल्या वाटा एकदम बारीक. ओतकामातली राहिलेली रेती आणि कूलंटमधला गाळ त्यात अडकायचा. त्या कूलरमधून पुढे गेलेलं कूलंटच ईजीआर कूलरला मिळतं, म्हणजे ऑइल कूलर तुंबला की ईजीआर कूलर तहानलेला. त्यातून प्रचंड तापलेला धूर जातोय आणि पाणी नाही, तो फुटणारच. फुटला की कूलंट सिलेंडरमध्ये जाऊन वाफ होणार, दाब वाढणार. आणि हेडला धरून ठेवायला बोल्ट किती, तर एका सिलेंडरभोवती चार, जिथे जुन्या ७.३ ला सहा होते. बोल्ट ताणले जातात, हेड उचललं जातं, गॅस्केट उडतं. मग हेडचं काम काढायचं तर जागाच नाही म्हणून गॅरेजवाले आख्खी केबिन चेसिसवरून उचलून वर टांगतात आणि खाली इंजिनाचं काम करतात. फोटो बघितलेत तर विश्वास बसत नाही. वर परत नोझल चालवणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, बॅटरी जरा अशक्त झाली की तेही जायचं. वॉरंटीचे पैसे कुणी द्यायचे यावरून फोर्ड आणि नॅव्हिस्टार २००७ मध्ये कोर्टात गेले आणि २००९ च्या जानेवारीत तडजोड झाली.

गंमत म्हणजे हेच ६.० नीट दुरुस्त केलं, म्हणजे बोल्टऐवजी जाड स्टड, ऑइल कूलर बाहेर काढून हवेवर थंड होणारा, ईजीआर कूलर मजबूत, तर इंजिन चांगलं आहे. खालची बाजू पक्की आहे. मी तर म्हणेन त्याला मिळाल्या तेवढ्या शिव्या जास्तच झाल्या. पण हे काम आधीच्या मालकाने केलेलं असेल आणि बिलं असतील तरच, नाहीतर तो खर्च तुमच्या बोडक्यावर.

त्यानंतरचं २००८ ते २०१० चं ६.४, दोन टर्बो, ताकद जबरदस्त, आणि धुराचा फिल्टर साफ करायला डिझेल उशिरा सिलेंडरमध्येच मारायचं, ते भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळायचं. पातळ ऑइलवर इंजिन चाललं तर काय होतं ते सांगायला नको. रेडिएटर गळतात, पिस्टनना तडे जातात. लांबून नमस्कार.

२०११ पासून फोर्डने नॅव्हिस्टारला रामराम करून ६.७ स्वतः बनवलं, मेक्सिकोत चिवावाला. याची मांडणी उलटी आहे, एक्झॉस्ट दोन हेडच्या मधल्या दरीत आणि टर्बो तिथेच वर, हवा बाहेरच्या बाजूने आत. धुराचा रस्ता आखूड, टर्बो लगेच उठतो. पहिल्या चार वर्षांतला टर्बो लहान आणि त्याची बेअरिंग नाजूक, २०१५ ला मोठा टर्बो आला आणि ते दुखणं गेलं. आता याचं वरचं मॉडेल ५०० हॉर्सपॉवर आणि १२०० पाउंड-फूट देतं, सव्वासोळाशे न्यूटन मीटर. आकड्यांत आज तिघांत हाच पुढे.

ड्युरामॅक्स म्हणजे जीएम आणि इसुझू यांची भागीदारी, कारखाना ओहायोत मोरेनला, कंपनीचं नाव डीमॅक्स. आपल्याकडे मिळणाऱ्या इसुझू डी-मॅक्सशी गोंधळ करू नका, ती वेगळी छोटी गाडी. २०२२ ला इसुझूने आपला हिस्सा जीएमला विकला. २००१ चं पहिलं ड्युरामॅक्स अमेरिकन पिकअपमधलं पहिलं कॉमन रेल, हेड ॲल्युमिनियमची, मागे ट्रकमध्ये वापरतात त्या ॲलिसनचा गिअरबॉक्स, आणि हे जोडपं खरंच चांगलं जमलं. जीएमवाले इंजिनाच्या सालाला तीन अक्षरी कोडने ओळखतात, पहिलं एलबी७. याचे नोझल जायचे, आणि ते होते व्हॉल्व्ह कव्हरच्या खाली, म्हणजे नोझल बदलायला वरचं सगळं खोला. जीएमला शेवटी नोझलची वॉरंटी सात वर्षं किंवा दोन लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. पुढच्या एलएलवायमध्ये नोझल बाहेर आणले पण ते चढावर तापायचं. मग २००६-०७ चं एलबीझेड, ३६० हॉर्सपॉवर, ६५० पाउंड-फूट, सीपी३ पंप, सहा गिअर, धुराचा फिल्टर नाही. याला इतकी मागणी आहे की एवढी वर्षं झाली तरी भाव खाली यायला तयार नाही. फक्त कुणी ट्यूनिंग करून ताकद फार वाढवली असेल तर सोडून द्या, याचे पिस्टन तडकतात.

आता त्या पंपाबद्दल, कारण २०११ नंतरच्या गाडीत हा एकच मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी आहे.

बॉशचा जुना सीपी३ तीन पिस्टनचा, धट्टाकट्टा. त्यानंतर आलेला सीपी४.२ दोन पिस्टनचा, हलका, दाब जास्त देणारा. यात कॅमवर एक रोलर फिरतो आणि तो रोलर ज्या टॅपेटमध्ये बसवलाय तो टॅपेट आपल्या भोकात सरळच राहील अशी पक्की सोय नाही. तो जरा आडवा वळला की रोलर फिरायच्या ऐवजी कॅमवर घासायला लागतो आणि लोखंडाचा भुगा पडायला सुरुवात. हा भुगा रेलमध्ये जातो, आठही नोझलमध्ये जातो आणि रिटर्नच्या पाइपातून टाकीतही जातो. म्हणजे पंप बदलून भागत नाही, टाकीपासून नोझलपर्यंत सगळं नवीन, बिल आठ-दहा हजार डॉलर. डिझेलच्या भेसळीचं किंवा पाण्याचं कारण सांगून वॉरंटी नाकारल्याचे किस्से तिकडे ढीगभर आहेत. यात अमेरिकन डिझेलचाही हात आहे. २००६ पासून तिकडे डिझेलमधलं गंधक १५ पीपीएमवर आणलं, आणि गंधक काढताना डिझेलचा वंगणाचा गुणही जातो, तो परत रसायन घालून आणावा लागतो. घर्षणाच्या चाचणीत झिजेचा डाग युरोपात ४६० मायक्रॉनपर्यंत चालतो, अमेरिकेत ५२० पर्यंत, म्हणजे अमेरिकन डिझेल जास्त कोरडं असलं तरी पास. युरोपातल्या डिझेलवर निभावणारा पंप तिकडे मार खातो.

हा पंप फोर्डच्या ६.७ मध्ये २०११ पासून, ड्युरामॅक्सच्या एलएमएलमध्ये २०११ ते २०१६. सगळेच जात नाहीत, लाखो गाड्या मजेत चालतात, पण जातो तेव्हा सगळं घेऊन जातो. रॅमने बाकी सगळे शिव्या देत असताना २०१९ ला हाच पंप घेतला, का देव जाणे, मग रिकॉल काढला आणि २०२१ ला परत सीपी३ वर आली. जीएमने २०१७ च्या एल५पी मध्ये डेन्सोचा पंप आणून विषयच संपवला, आणि म्हणून आज नवीन नाही पण फार जुनंही नाही असं ड्युरामॅक्स हवं असेल तर मी सरळ एल५पी म्हणतो. फोर्डवाले एक किट बसवतात, ज्यात पंपातून निघालेला भुगा नोझलकडे न जाता आधी टाकीकडे वळतो. पंप वाचत नाही, बाकीचं वाचतं, काही शे डॉलरमध्ये चांगला सौदा.

धुराच्या सामानाचं थोडक्यात. २००७ नंतर काजळीचा फिल्टर, २०१० च्या आसपास पुढेमागे युरिया, आपल्याकडे बीएस६ ला जे झालं तेच तिकडे दहा-बारा वर्षं आधी. फिल्टर भरला की गाडी स्वतःच तो जाळून साफ करते, त्यासाठी एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, आणि ते हायवेवर होतं. शाळा, किराणा, ऑफिस अशा पाच-सात मैलांच्या फेऱ्या मारल्या की फिल्टर कधीच धड साफ होत नाही. म्हणजे भरपूर पळालेली ट्रेलरवाल्याची गाडी कमी पळालेल्या शहरी गाडीपेक्षा निरोगी निघू शकते, ओडोमीटर बघून फसू नका. पाइप कापून हे सगळं काढून टाकणारे तिकडे खूप, पण ते केंद्राच्या कायद्याने बेकायदा आहे आणि अशी गाडी बऱ्याच राज्यांत तपासणीत अडकते. कंपन्यांनाही सोडलेलं नाही. २०१३ ते २०१९ च्या सहा लाखांहून जास्त रॅम पिकअपमध्ये धुराची चाचणी चकवणारं सॉफ्टवेअर होतं असा आरोप झाला आणि कमिन्सने चूक मान्य न करता १६७.५ कोटी डॉलरचा दंड कबूल केला, हवेच्या कायद्याखाली तिथला आजवरचा सगळ्यात मोठा.

ताकदीच्या बाबतीत आज तिघांत फरक एवढा कमी राहिलाय की आकड्यांवरून निवडण्यात अर्थ नाही. २०२४ पासूनचं ड्युरामॅक्स ४७० हॉर्सपॉवर आणि ९७५ पाउंड-फूट, म्हणजे कागदावर फोर्डपेक्षा मागे. पण कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्याकडे जाणारा जो सात टक्क्यांचा चढ आहे, तीन हजार चारशे मीटर उंचीवर, तिथे मागे ट्रेलर लावून हे तिन्ही आरामात वेगमर्यादेला चढतात. फरक कळतो तो उतरताना. नव्या टर्बोच्या पाती बंद करून एक्झॉस्ट अडवतात आणि इंजिनच ब्रेक होतं, ज्याने खंबाटकी नाहीतर कसारा भरल्या गाडीने उतरलाय त्याला याचं मोल सांगायला नको. कमिन्सने २००७ पासून पिकअपमध्ये हे आतच दिलं आणि माझ्या लेखी टॉर्कच्या शंभर आकड्यांपेक्षा ते महत्त्वाचं. गिअरबॉक्सही बघा, कारण १९९० च्या दशकातल्या डॉजमध्ये इंजिन अमर आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काचेचा, मॅन्युअल मिळाली तर ती घ्या.

बघायला जाताना इंजिन थंड असतानाच जा, मालकाने आधी तापवून ठेवलं असेल तर तो काहीतरी लपवतोय. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन किती मारतंय, म्हणजे आतून धूर किती जोरात बाहेर येतोय ते बघा, कूलंटच्या टाकीत ऑइलचा थर किंवा सुकलेल्या पांढऱ्या रेघा आहेत का बघा, फोर्ड ६.० असेल तर हायवेवर ऑइल आणि कूलंटच्या तापमानातला फरक स्कॅनरवर बघा, पंधरा फॅरेनहाइटच्या वर गेला तर ऑइल कूलर तुंबतोय. सीपी४ वाली गाडी असेल तर डिझेल फिल्टर खोलून त्यात चमकी आहे का बघायला सांगा, नाही म्हणाला तर निघा.

आणि वर्षातून दोनदा कॅम्पर ओढायचा आणि एरवी रोज पोरांना शाळेत सोडायचं एवढंच काम असेल, तर डिझेलच नको. नवीन गाडीत डिझेलचे दहा हजार डॉलरच्या आसपास जास्त मोजावे लागतात, तिकडे डिझेल बहुतेक वेळा पेट्रोलपेक्षा महाग, आणि त्या छोट्या फेऱ्यांत फिल्टर तुंबणार तो वेगळा. फोर्डचं २०२० पासून आलेलं पेट्रोलचं ७.३ व्ही-आठ बघा, हो, आकडा तोच जुना पण इंजिन पूर्ण वेगळं, साधं, टर्बो नाही, युरिया नाही, आणि हेवी ड्युटी पिकअपमध्ये ते कुठल्याही गॅरेजला कळतं.